शेळीच्या रक्तात ६ टक्के तांबड्या पेशी फुटल्या, माणसाच्या रक्तात ३८ टक्के. या पेप्टाइडला सुरक्षित म्हणायचं का?

नऊ_गाई

नमस्कार मंडळी. सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. घर सांगली जिल्ह्यात, गोठ्यात नऊ गाई. दगडी (कासेचा जंतुसंसर्ग) म्हणजे काय हे मी पुस्तकाच्या आधी गोठ्यात पाहिलं. सड गरम लागतो, कास हाताला दगडासारखी लागते, पहिल्या धारेत दह्यासारख्या गाठी येतात. मग सडात ट्यूब, मानेला इंजेक्शन, आणि किती दिवस दूध ओतून द्यायचं याचा हिशोब आई कॅलेंडरवर मांडते. म्हणून विषय घेतला तो हाच: दगडी करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूवर चालेल असं सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी.

या विषयाकडे ओढली गेले ती उरुमिनमुळे. २०१७ साली केरळच्या बेडकाच्या कातडीतल्या पेप्टाइडांवरचं काम प्रसिद्ध झालं होतं. ३२ पेप्टाइडं तपासली, फ्लूच्या विषाणूवर ४ चालली, आणि त्या चारांतली तीन माणसाच्या तांबड्या पेशींना घातक निघाली. उरलं ते एक उरुमिन. तो बेडूक म्हणजे हायड्रोफिलॅक्स बहुविस्तारा, आपल्या सह्याद्रीतही असतो. चारांतली तीन बाद झाली हे वाक्य तेव्हा मी भरभर वाचून पुढे गेले होते. आता ते रोज आठवतं.

आमचं पेप्टाइड १८ अमिनो आम्लांचं आहे, त्यावर +६ विद्युतभार. स्टॅफ ऑरियसची वाढ ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला थांबते. हिमोलायसिस म्हणजे तांबड्या पेशी फुटणं, ते मोजायला गावच्या खाटकाकडून सकाळी सहाला ईडीटीएच्या ट्यूबमध्ये शेळीचं रक्त आणलं, पीबीएस या खारट बफरनं तीनदा धुतलं, पेशींचं १ टक्का सस्पेन्शन केलं आणि ३७ अंशांवर एक तास ठेवलं. ६४ मायक्रोग्रॅमला फक्त ६ टक्के हिमोलायसिस. आठपट मात्रेला एवढंच, म्हणून लॅबमध्ये सगळे खूश.

मग संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आली आणि तोच प्रयोग माणसाच्या रक्तावर केला. तिघांचं रक्त, त्यात एक मी. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूबा काढल्या तर शेळीच्या ट्यूबमध्ये तळाशी लाल टिकली आणि वर स्वच्छ पाणी. माणसाच्या ट्यूबमध्ये तळाशी फिकट डाग, आणि वरचा द्रव कोकम सरबतासारखा. ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्या द्रवाची लाली मोजली. ६४ मायक्रोग्रॅमला ३८ टक्के. तीनदा करून पाहिलं, आकडा फारसा हलला नाही.

गाइड म्हणतात, पेप्टाइड जनावरासाठी आहे, शेळीचं रक्त जनावराचंच आहे, तोच आकडा पेपरात घालू, माणसाचं नंतर बघू. पेपर लवकर जायला हवा हे मलाही कळतं, फेलोशिप संपत आली आहे. पण ट्यूब माझ्या हातात होती. हे पेप्टाइड उद्या सडात सोडणार, ते दुधात येणार, आणि धार काढणाऱ्याच्या हाताला लागणार.

माझे प्रश्न दोन. एवढा फरक कशामुळे? आणि खरा आकडा कोणता मानायचा?

---

जुना_पिपेट

ताई, सगळ्यात आधी, तुम्ही प्रयोग तीनदा केलात आणि माणसाच्या रक्तावर केलात हे फार बरं झालं. मी पेशीपटलांवर वीस-बावीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमचे दोन्ही आकडे मला खरे वाटतात. ते दोन वेगळ्या पटलांचे आहेत, एवढंच.

ही पेप्टाइडं धनभारित असतात. जिवाणूच्या पटलाच्या बाहेरच्या थरात ऋणभारित स्निग्धं भरपूर, फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल आणि कार्डिओलिपिन. तिथं पेप्टाइड ओढलं जातं, आडवं चिकटतं आणि पाण्याला टाळणारी बाजू आत खुपसतं. आपल्या पेशींचा बाहेरचा थर जवळजवळ भाररहित, आणि त्यात कोलेस्टेरॉल असल्यामुळे घट्ट. ऋणभारित फॉस्फॅटिडिलसेरिन आपण आतल्या बाजूला ठेवतो. पेप्टाइडला जिवाणू आणि आपली पेशी यांत जो फरक कळतो तो एवढाच. पेप्टाइडची स्निग्धप्रिय बाजू जरा जास्त झाली की भाराची गरजच उरत नाही, ते आपल्या पेशीतही घुसतं. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन हे याचं ठळक उदाहरण. २६ अमिनो आम्लं, विषाच्या कोरड्या वजनाचा निम्मा भाग तेच, आणि जिवाणू व तांबडी पेशी दोन्ही सारख्याच जोरानं फोडतं.

आता शेळी. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या तांबड्या पेशी या बाबतीत अगदी निराळ्या. माणसाच्या तांबड्या पेशीच्या पटलात फॉस्फॅटिडिलकोलिन हे स्निग्ध भरपूर असतं. शेळी, मेंढी, गाय यांच्या तांबड्या पेशीत ते जवळजवळ नसतंच, त्याची जागा स्फिंगोमायलिन या दुसऱ्या स्निग्धानं घेतलेली असते, एकूण फॉस्फोलिपिडांच्या जवळपास निम्मी. स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल एकमेकांना गच्च धरून बसतात, तिथं पेप्टाइडला शिरकाव मिळत नाही. निरनिराळ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींवर अशी पेप्टाइडं तपासली तेव्हा फॉस्फॅटिडिलकोलिन जितकं जास्त तितकी पेशी नाजूक, असंच दिसलं. म्हणजे शेळीचं रक्त ही तुम्ही नकळत निवडलेली सगळ्यात सोपी परीक्षा होती.

आणखी एक. तुम्ही १ टक्का सस्पेन्शन आकारमानानं केलंत. शेळीची तांबडी पेशी माणसाच्या पेशीच्या चौथ्या हिश्शाएवढी. म्हणजे शेळीच्या ट्यूबमध्ये पेशींची संख्या चौपट होती आणि तेवढंच पेप्टाइड चौपट पेशींत वाटलं गेलं. हिमोसायटोमीटरवर मोजून सारख्या संख्येनं एकदा करा.

हाच मुद्दा आठपट सुरक्षिततेलाही लागू होतो. एमआयसी (वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा) मोजतानाच्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खाचेत, मिलिलिटरला ५ लाख जिवाणू असतात. माणसाच्या १ टक्का सस्पेन्शनमध्ये मिलिलिटरला ११ कोटींच्या आसपास तांबड्या पेशी, आणि त्यातली एकेक जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी. एकीकडे पेप्टाइडची गर्दी, दुसरीकडे चणचण, आणि आपण दोन आकड्यांचा भागाकार करून त्याला निवडकता म्हणतो. हा भागाकार सगळे करतात, मीही केला आहे, पण पेशींची संख्या शेजारी लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

हे दुखणं नवीन नाही. १९३९ साली द्यूबो यांनी मातीतल्या जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन काढलं. जंतू मारायला उत्तम, पण रक्तात गेलं की तांबड्या पेशी फोडायचं, म्हणून कातडीच्या आणि घशाच्या वापरापुरतं राहिलं. १९४२ मध्ये मॉस्कोत गाउझ आणि ब्राझनिकोवा यांनी ग्रॅमिसिडिन एस काढलं, युद्धातल्या जखमांवर ते लावलं गेलं, पण शिरेतून कधीच देता आलं नाही, कारण तेच. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीजीवशास्त्राच्या संस्थेत सीताराम आणि नागराज यांनी १९९० मध्ये बैलाच्या वीर्यद्रवातल्या सेमिनलप्लाझ्मिनचा १३ अमिनो आम्लांचा तुकडा बनवून दाखवला. जंतू मारणारा तुकडा तोच आणि तांबड्या पेशी फोडणाराही तोच. ते काम मिळवून जरूर वाचा.

दोन गोष्टी तपासून सांगा. पेप्टाइडचा स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, कशात केलाय, पाण्यात की बफरमध्ये? आणि पेप्टाइड कंपनीकडून आलं तेव्हा ट्रायफ्लुओरोॲसिटेट मीठ होतं का? पावडरीच्या वजनात ते मीठ आणि पाणी धरलेलं असतं, शुद्ध पेप्टाइड त्याहून बरंच कमी निघतं. शिवाय ते मीठ पेशींना स्वतःही त्रास देतं.

---

नऊ_गाई

सर, मनापासून आभार. स्फिंगोमायलिनचं मला अजिबात माहीत नव्हतं.

स्टॉक पाण्यात आहे. सगळ्यात वरच्या मात्रेला एकूण आकारमानाच्या पाचव्या हिश्शाएवढा स्टॉक घालावा लागत होता. तुमचा प्रश्न वाचला आणि धस्स झालं. आज दुपारी लगेच पेप्टाइड न घालता तेवढंच नुसतं पाणी घालून पाहिलं. माणसाच्या पेशींना काही झालं नाही, १ टक्क्याच्याही आत. शेळीच्या पेशी ४ टक्के फुटल्या. म्हणजे ६ मधले ४ पाण्याचेच.

मीठ ट्रायफ्लुओरोॲसिटेटच आहे, डब्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलंय. आजवर मी ती ओळ कधी वाचली नव्हती.

---

जुना_पिपेट

बरोबर, शेळीची तांबडी पेशी पाणी सहन करत नाही, थोडं मीठ कमी झालं की फुटते. इथून पुढे स्टॉकमध्ये पुरेसं सोडियम क्लोराइड ठेवा आणि पाण्याचा कंट्रोल प्रत्येक प्लेटवर लावा. म्हणजे शेळीत खरा आकडा २ आणि माणसात ३७-३८. दरी कमी व्हायच्या ऐवजी रुंदच झाली.

---

गोठ्याचा_डॉक्टर

मी पशुवैद्य, रोज दहा-बारा कासा हाताळतो. वरची चर्चा रक्ताभोवतीच फिरतेय, म्हणून लिहावंसं वाटलं.

ताई, तुझं पेप्टाइड रक्तात जाणारच नाहीये. ते सडाच्या नळीतून आत जाणार. तिथं त्याची पहिली गाठ पडणार ती दुधाशी आणि नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशींशी. त्या काही तांबड्या पेशी नव्हेत. सरांनी सांगितलेलं गाईचं ते स्फिंगोमायलिनचं चिलखत फक्त तिच्या तांबड्या पेशीला आहे, कासेच्या अस्तराला नाही. म्हणजे पटलाच्या दृष्टीनं कासेची पेशी माणसाच्या पेशीच्या जवळची. गाइड म्हणतात की शेळी जनावर आहे म्हणून आकडा जनावराचा. मला ते पटत नाही. उलट माणसाच्या रक्तातला ३८ हाच तुझ्या गाईच्या कासेचा इशारा समज.

आधीच सुजलेल्या कासेत अस्तर सोललेलं असतं. तिथं आणखी पेशी मारणारं औषध गेलं तर जंतू जातील, पण त्या सडाचं दूध परत येणार नाही. चौथा सड गेलेली गाय बाजारात कितीला विकली जाते हे तुझ्या आईला विचार.

दुसरं, दूध. तू एमआयसी काढलीस ती मुलर-हिंटन ब्रॉथमध्ये, जंतू वाढवायच्या द्रवात. दुधात केसीन, चरबीचे थेंब आणि कॅल्शियम असतं. धनभारित पेप्टाइड त्यात अडकून बसतं. ब्रॉथमध्ये ८ ला थांबलेला स्टॅफ दुधात ६४ ला थांबतो की नाही हे आधी बघ. नाही थांबला तर मात्रा वाढवावी लागेल, आणि मात्रा वाढली की अस्तराला धोका वाढला.

आणि दुधात उरलेलं पेप्टाइड विरजणाचे जिवाणूही मारेल. डेअरीत दही लागलं नाही की पहिला फोन गवळ्याला येतो. निसिन हे जंतुरोधी पेप्टाइड चीजमध्ये घालायला परवानगी आहे कारण ते पोटातल्या विकरांनी तुटतं आणि आपल्या पेशींना फारसं काही करत नाही. तुझं पेप्टाइड तुटतं का? ट्रिप्सिन हे पचनाचं विकर घालून बघितलंस का?

नाउमेद करायला लिहीत नाहीये. २०१९ मध्ये सरकारनं खाद्य जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन हे प्रतिजैविक बंद केलं, ते योग्यच होतं. पण आम्हाला हातात काहीतरी हवंय. तू जे करतेयस त्याची वाट बघणारे बरेच आहोत.

---

आयसीयू_फार्मसी

कोलिस्टिनचं नाव निघालं म्हणून. मी अतिदक्षता विभागात औषधांचा हिशोब बघते, आणि कोलिस्टिन माझ्या रोजच्या कामातलं आहे. तेही एक पेप्टाइडच, चक्राकार, शेपटीला मेदाम्ल. १९५० च्या आसपास जपानमधून आलं, सत्तरच्या दशकात बाजूला पडलं कारण मूत्रपिंडं बिघडायची, आणि मग दुसरं काही चालेना म्हणून परत आलं.

ताई, कोलिस्टिन उपचाराच्या मात्रेत तांबड्या पेशी फोडत नाही. तुमच्या ट्यूबमध्ये टाकलं तर वर स्वच्छ पाणी दिसेल. तरी मी रोज सकाळी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) कागद हातात घेऊनच मात्रा ठरवायला बसते. कारण मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी त्याला स्वतःहून आत ओढून घेतात, मेगालिन नावाच्या ग्राहीमार्फत, आणि ते आत साठत जातं. पटल फाटतच नाही, पेशी आतून मरते. एका तासाच्या हिमोलायसिसमध्ये हे कधीच दिसणार नाही.

मात्रेचा गोंधळही समजून घ्या. एकाच कुपीची ताकद एक जण दशलक्ष युनिटमध्ये सांगतो, दुसरा मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे की मूळ औषधाचे हे तिसऱ्याला विचारावं लागतं. १० लाख युनिट म्हणजे मिठाचे सुमारे ८० मिलिग्रॅम, मूळ कोलिस्टिनचे ३३-३४. सरांनी पावडरीच्या वजनाबद्दल लिहिलंय ते म्हणून फार महत्त्वाचं आहे. लॅबमधली चूक कागदावर राहते, वॉर्डात ती माणसाच्या अंगात जाते.

म्युरेपावाडिनचंही आठवतं. स्युडोमोनास जिवाणूवर इतकं नेमकं चालणारं पेप्टाइड, शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचलं, आणि २०१९ मध्ये शिरेतून देण्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. कारण पुन्हा मूत्रपिंड. डॅप्टोमायसिन हे पेप्टाइड चालू असलेल्या रुग्णात आम्ही स्नायूंचं एन्झाइम, सीपीके, बघत राहतो. प्रत्येक पेप्टाइडचा राग वेगळ्या अवयवावर. तुमचं कुठे जाणार, तिथल्या पेशी आणा.

---

नऊ_गाई

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

मीठ बदलून हायड्रोक्लोराइड केलं आणि शुद्ध पेप्टाइड किती ते मोजून घेतलं. पावडरीतलं ७१ टक्केच पेप्टाइड निघालं. म्हणजे मी ६४ म्हणत होते ते खरं ४५ होतं, आणि ८ म्हणत होते ते पावणेसहा. दोन्ही बाजूंना सारखाच फरक, तरी वहीतली जुनी पानं परत लिहून काढली.

पेशी मोजून, सारख्या संख्येनं माणूस आणि शेळी शेजारी शेजारी लावले. शेळीचा आकडा २ वरून ५ वर आला. माणसाच्या जवळपासही नाही. म्हणजे संख्येचा वाटा थोडा, बाकी सगळं पटलाचंच.

मग एचईके-२९३ या माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर एमटीटी (जिवंत पेशी असतील तिथं जांभळा रंग येतो ती चाचणी) केली, दोन प्रकारे, १० टक्के सीरमसह आणि सीरमशिवाय. प्लेट बघताना आकडे यायच्या आधीच कळलं. सीरमच्या ओळी शेवटपर्यंत जांभळ्या. सीरमशिवायच्या ओळीत ३२ च्या वेलला रंग निम्म्यावर, ६४ ला नुसतं पिवळट पाणी. सीरममधली प्रथिनं पेप्टाइड पकडून ठेवतात. सीरमसहच केलं असतं तर आम्ही पुन्हा खूश झालो असतो.

दुधाबद्दल डॉक्टर तुमचं खरं निघालं. गाईच्या उकळलेल्या दुधात स्टॅफ ६४ लाही वाढला. ट्रिप्सिननं पेप्टाइड अर्ध्या तासात तुटतं, एवढी एक चांगली बातमी.

गाइडसमोर दोन्ही ट्यूबांचे फोटो, एमटीटीची प्लेट आणि हा धागा छापून ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, एकाच तक्त्यात घाल, माणूस, शेळी, एचईके, सीरमसह आणि सीरमशिवाय, आणि पेशींची संख्या प्रत्येक रकान्यात. पेपर चार महिने पुढे गेला. फेलोशिपचं काय ते बघू.

आता मूळ साखळीत दोन ल्युसिन आणि एक लायसिन डी-स्वरूपात (आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट रूपात) घालून नवं पेप्टाइड मागवलंय. नव्वदच्या दशकात इस्राएलमध्ये शाई आणि ओरेन यांनी मेलिटिनमध्येच काही अमिनो आम्लं अशी डी-स्वरूपात बदलली होती. तांबड्या पेशी फुटायच्या थांबल्या, जंतू मात्र मरत राहिले. पेप्टाइडची दोरीसारखी वळलेली रचना मोडते, आणि आपल्या पेशीत घुसायला ती रचना लागते, जिवाणूला चिकटायला भार पुरतो. अडचण एवढीच की डी-अमिनो आम्लांजवळ ट्रिप्सिन चालत नाही, मग दुधात उरलेलं तुटणार कसं? म्हणून लायसिन एकच बदललाय, बाकीचे तसेच ठेवलेत.

डॉक्टर, एक मागणी आहे. निरोगी कासेच्या दुधातल्या जिवंत सोमॅटिक पेशींवर (गाईच्या शरीरातून दुधात उतरणाऱ्या) हे करून बघायचंय. घरच्या गाईंचं दूध लॅबपर्यंत यायला पाच तास लागतात.

---

गोठ्याचा_डॉक्टर

माझ्याकडून तुझी लॅब पाऊण तासावर आहे, विचारलंस ते बरं केलंस. मंगळवारी ये, पहाटे साडेपाचला, धार सुरू व्हायच्या आत. आधी सीएमटी (दुधावरची दगडीची चाचणी) करून चारही सड स्वच्छ असलेल्या दोन गाई निवडून ठेवतो. पहिल्या तीन धारा टाकून मगचं दूध घेऊ. बर्फाचा डबा तू आण, पण दूध बर्फाला थेट लावू नकोस, मध्ये कापड घाल. आणि एका गाईला मागच्या आठवड्यात दगडी होऊन गेली आहे, तिचंही थोडं घेऊन जा. तुझं औषध जाणार आहे ते तशाच कासेत.